वाऱ्यावर सोडलेली क्रेन

हिवाळ्याच्या सुट्टीसाठी आजोबांनी आदल्या दिवशीच कागदावर वेळापत्रक आखून ठेवलं होतं. चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवलेला माणूस तो. आधी आखल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही ही सवय. नऊ ते दहा चित्रं, दहा ते अकरा गोष्ट, अकरा ते बारा लपाछपी, मग जेवण, मग झोप. अकरा दिवसांची सुट्टी. म्हणजे हाच कागद अकरा वेळा वापरायचा, असा त्यांचा हिशेब.

पहिल्याच दिवशी सव्वादहाला वेळापत्रक संपलं. चित्रं दहा मिनिटांत झाली, कारण दोघांनाही एकच लाल खडू हवा होता. गोष्टीत नातीने इतक्या शंका काढल्या की राजा जंगलात पोचलाच नाही. आणि दोन खोल्यांच्या घरात लपायच्या जागा तीन: दार, पलंग आणि आजोबा.

नात सात वर्षांची. तिला सगळे वकील म्हणत, कारण ती कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करत नसे. नातू चार वर्षांचा. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून आजोबांनीच त्याचं नाव बटण ठेवलं होतं. बटण नुकताच खोकल्यातून उठला होता. थंडी वाढलीय, वारं सुटलंय, याला बाहेर काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा शीतगृहांची यंत्रं बसवायच्या कामावर बारा दिवस परगावी. सून सकाळी सहाला घराबाहेर पडायची ती संध्याकाळी साडेपाचला परत. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा किल्ला लढवायचा तो एकट्या आजोबांनीच.

सून क्रेन चालवायची. उंच इमारती बांधताना लागते ती, टॉवरवरची. आजोबांना हे दोन वर्षांपासून माहीत होतं, पण त्यांनी ते तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त तिकीट तपासनीस राहत. नोकरी संपली तरी त्यांची तपासणी संपली नव्हती. जिन्यात भेटले की विचारत, सूनबाई कुठे असतात कामाला? बांधकामाच्या कंपनीत, आजोबा सांगत. ऑफिसात? असते साइटवर, असं काहीतरी पुटपुटून आजोबा कठडा धरून वर चढायला लागत. खरं तर त्यांना सुनेचं वाईट काही वाटत नव्हतं. पण बाईमाणसाने शिडी चढून आभाळात जाऊन बसायचं, ही कल्पना त्यांच्या मापात कुठे बसतच नव्हती. घरातही दोघांचं बोलणं मुलांमार्फत व्हायचं. आईला सांग, चहा ठेवलाय. आजोबांना विचार, औषध घेतलं का.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बटणाने भोकाड पसरलं. त्याला आई हवी होती, आत्ताच्या आत्ता. आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन खोलीत सात फेऱ्या मारल्या, मांजराचा आवाज काढला, मग कुत्र्याचा काढला. काही उपयोग झाला नाही. तेव्हा चित्र काढत बसलेली वकील मान वर न करता म्हणाली, "आई तर दिसते की खिडकीतून."

आजोबा खिडकीशी गेले. घर चौथ्या मजल्यावर, समोर दोन गल्ल्या सोडून गच्च्यांच्या वर एक पिवळी क्रेन उभी होती. ती तिथे आहे हे त्यांना माहीत होतं, जसं समोरच्या भिंतीवरचा पाइप माहीत असतो. वकिलाने येऊन बोट लावून दाखवलं. तो उभा मनोरा, त्यावर तो लांब आडवा हात, आणि दोन्ही जुळतात तिथे ती काचेची पेटी. ती केबिन. आई त्यात बसते. बटणाचं रडणं थांबलं. त्याने काचेवर नाक दाबलं आणि जोरजोरात हात हलवला.

तेवढ्यात गच्च्यांच्या मागून लोखंडी सळयांचा एक भारा वर आला. सरळ, सावकाश, पाण्यातून काढल्यासारखा. मग तो आडवा हात वळला, भारा हवेत अर्धं वर्तुळ फिरला, आणि नवीन मजल्यावर उभ्या असलेल्या तीन माणसांच्या मधोमध हळूच उतरला. एकालाही मागे सरकावं लागलं नाही. आजोबा बघत राहिले. खांद्याच्या मुंढ्यात बाही बसवताना कापड असं अलगद सोडावं लागतं. ओढलं की चुणी पडते. हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवायला तीन वर्षं घेतली होती.

"पुन्हा," बटण म्हणाला.

पुन्हा वर आली ती फळ्यांची चवड. मग सिमेंट कालवलेली मोठी बादली. वकिलाने नियम केला: गच्च्यांच्या वर दिसायच्या आधी काय येणार ते ओळखायचं. आजोबांनी दुकानातली जुनी मापांची वही काढून दिली, ज्यात एका पानावर छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेले होते. छातीच्या रकान्यात सळया, कंबरेच्या रकान्यात फळ्या, बाहीच्या रकान्यात बादल्या. जेवणाची वेळ टळून गेली आणि तिघांनाही पत्ता नव्हता.

संध्याकाळी सून घरी आली. हातमोजे काढून बोटं चोळत उभी होती, तेव्हा आजोबांनी घसा साफ केला. मुलं समोरच होती, पण ते मुलांकडे वळले नाहीत.

"अकराच्या सुमाराला तू वीस मिनिटं थांबलीस. हूक खाली गेला तो वर आलाच नाही. काय झालं होतं?"

तिने हातमोजे टेबलावर ठेवले. मग तिने सांगितलं की खाली भारा नीट बांधलेला नव्हता. एक बाजू ढिली होती. तिने उचलायला नकार दिला. खालचा मुकादम ओरडत होता, काम खोळंबलंय म्हणून, पण ती म्हणाली, पुन्हा बांधा, मगच उचलीन.

"आणि त्यांनी बांधला?"

"बांधावाच लागतो, बाबा. लिव्हर माझ्या हातात असतो."

आजोबांनी मान हलवली. न भिजवलेलं, पुढे आटणारं कापड घेऊन कुणी मोठा माणूस आला आणि आजच कापा म्हणाला, तर त्यांनीही कापलं नव्हतं. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. हे त्यांनी सुनेला सांगितलं. ती स्टूल ओढून बसली. बटणाची तक्रार होती की आईने परत हात हलवला नाही. तिने त्याला मांडीवर घेऊन समजावलं की भार लटकत असताना तिचे दोन्ही हात कामात असतात, त्यातला एकही सुटत नाही, बाळाला आंघोळ घालताना सुटत नाही तसा. मग तिने त्यांना खालच्या माणसाचे इशारे शिकवले. एक बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. हात लांब करून उपडा पंजा हलवला की थांब.

दुसऱ्या दिवसापासून घरात इशाऱ्यांचं राज्य सुरू झालं. दूध पेल्यात ओतताना बटण बोट खाली करून फिरवायचा, आणि पेला काठोकाठ भरला की उपडा पंजा. आजोबा जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायला लागले की वकील समोर उभी राहून शांतपणे पंजा हलवायची. आजोबांना थांबावं लागे. नियम म्हणजे नियम.

चौथ्या दिवशी दाट धुकं पडलं आणि खिडकीत नुसता पांढरा पडदा उरला. आता काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून आजोबांनी पलंगाखालून पेटी काढली. घरी क्रेन बांधायची. कोट अडकवायचा लाकडी स्टँड हा मनोरा. त्याच्या डोक्यावर कापड मोजायचा गज आडवा बांधला, तो क्रेनचा हात. गजाच्या टोकाला एक मोठं बटण बांधलं, त्यावरून जाड दोरा सोडला, दोऱ्याला पँटचा हूक. आता दोरा ओढणार कोण? आजोबांनी कोपऱ्यातलं पायमशीन पुढे घेतलं. चाक सैल केलं आणि दोऱ्याचं दुसरं टोक बॉबिन भरायच्या काट्यावर गुंडाळलं. चाक फिरवलं की बॉबिन फिरणार, दोरा गुंडाळला जाणार, हूक वर येणार. वकिलाने ते दोनदा तपासलं आणि मान्य केलं.

पहिला भार होता काड्यापेटी. ती ऐटीत वर आली. दुसरा भार होता आजोबांचा चष्म्याचा डबा. तो एक वीत उचलला गेला आणि अख्खा स्टँड पुढे झुकून पलंगावर आडवा झाला. वकील म्हणाली की स्टँडचे पाय लहान आहेत. आजोबा म्हणाले, गाठ सैल असेल. दोघांचा वाद रंगला. बटण बराच वेळ पडलेल्या क्रेनकडे बघत होता.

"मागे कुणी बसलंच नाही," तो म्हणाला.

शाळेच्या मैदानातल्या सी-सॉवर पलीकडे कुणी नसलं तर आपण धपकन खाली येतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. आजोबांनी त्यांची मोठी लोखंडी कात्री, जिने दोन पिढ्यांचे कोट बेतले होते, ती गजाच्या मागच्या टोकाला बांधली. स्टँड ताठ उभा राहिला. चष्म्याचा डबा वर आला, वळला आणि टेबलावर उतरला. संध्याकाळी सुनेने ते पाहिलं आणि ती पायातले बूट न काढता जमिनीवर बसली. खऱ्या क्रेनलाही मागे काँक्रीटचे ठोकळे लावलेले असतात, तिने सांगितलं. शिकायला गेले तेव्हा हे कळायला मला एक आख्खा तास लागला होता. बटणाला काय एवढं विशेष घडलं ते समजलं नाही, पण आईने आणि आजोबांनी एकाच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा त्याने छाती पुढे काढली.

आठव्या दिवशी सकाळपासून वारा होता. दुपारी दीडनंतर तो भलताच वाढला. खिडकीच्या फटीतून शिट्टी वाजायला लागली, समोरच्या गच्चीवरच्या दोरीवरून कुणाचा तरी शर्ट सुटून गेला. तिघं खिडकीशीच होती. क्रेनच्या हुकाला एक मोठा सपाट पत्रा होता, दारापेक्षा दुप्पट उंच, आणि तो अधांतरी असतानाच वाऱ्याने त्याला शिडासारखं धरलं. पत्रा एकीकडे झुलला. आजोबांनी नकळत वकिलाचा खांदा घट्ट पकडला.

क्रेनने त्याला खेचलं नाही. पत्रा जिकडे झुलला तिकडेच हूक थोडा सरकला, जणू त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला गेला, आणि पत्र्याचा झोका अर्धा झाला. पुन्हा झुलला, पुन्हा हूक त्याच्या मागे गेला. मग तो स्थिर झाला आणि इंच इंच करत गच्च्यांच्या मागे उतरला. खाली कुणीतरी तो धरला असणार, कारण हूक मोकळा होऊन वर आला आणि मनोऱ्याच्या जवळ येऊन थांबला.

"उतरवला," वकील म्हणाली आणि तिने वहीत खूण केली.

आजोबांनी श्वास सोडला. तेवढ्यात क्रेनचा तो लांब हात आपोआप फिरायला लागला. आधी हळू, मग वारा जोरात आला तसा झपाट्याने. गच्च्यांवरून गर्रकन वळून तो पलीकडे गेला, थांबला, डुचमळला, परत थोडा अलीकडे आला. त्यात काही कामाची लय नव्हती. एवढ्या दिवसांत त्यांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

दार वाजलं. खालचे तपासनीस होते, मफलर कानाला गुंडाळलेला. तुमच्या खिडकीतून नीट दिसतं म्हणून आलो, म्हणाले आणि थेट खिडकीशी गेले. ती क्रेन बघा. सुटलीय पार. चालवणारा घाबरून पळाला असणार, वाऱ्यावर सोडून दिली. मला तर कुणीसं सांगितलं की तिथे एक बाई ठेवलीय.

आजोबा तपासनीसांना ओलांडून काचेशी गेले. त्यांना सुनेची ती काचेची पेटी दिसत होती, पण आत कुणी आहे की नाही ते कळत नव्हतं. बटण त्यांच्या तोंडाकडे बघत होता. वकीलही. या दोघांना घरात सोडून धावत जाता येणार नव्हतं, बटणाला घेऊन या वाऱ्यात निघताही येणार नव्हतं. त्यांनी फोन लावला. तो वाजत राहिला.

मग त्यांनी जे केलं त्याला जेवढी ताकद लागली, तेवढी त्यांना आयुष्यात कधी लागली नव्हती. त्यांनी पडदा ओढला, मशीनवर बसले आणि म्हणाले, चला, आपल्याकडे आज मोठं काम आलंय, अख्खी पेटी चौथ्या मजल्यावर चढवायचीय, इशारे कोण देणार? बटणाने बोट वर केलं आणि फिरवलं. आजोबांनी चाकाला हात लावला. ते उलटंच फिरलं आणि दोरा सैल पडला. वकिलाने ते पाहिलं. आजोबांच्या हातावर तिने आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं. रिळांनी भरलेली छोटी पेटी वर चढली, उतरली, पुन्हा चढली. तपासनीस पडद्याच्या कडेतून बाहेर बघत अजून फिरतेय, अजून फिरतेय, असं सांगत होते. वीस मिनिटं अशी गेली.

फोन वाजला. आजोबांनी तो उचलला. सून होती.

"बाबा, खाली उतरलेय. काम बंद केलंय आज. शिडी उतरताना फोन घेता आला नाही. मुलं ठीक आहेत ना?"

"ती फिरतेय," आजोबा म्हणाले.

"फिरू दे. मीच ब्रेक मोकळा करून आलेय. वारा वाढला की तसंच करायचं असतं. बांधून ठेवली तर वाऱ्याशी झगडत बसेल आणि मोडेल. मोकळी सोडली की वारा जिकडे नेईल तिकडे तोंड करून उभी राहते."

आजोबांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला. मग पडदा बाजूला केला. क्रेनचा हात आता वाऱ्याच्या दिशेला लांब पसरून उभा होता, थोडा इकडे, थोडा तिकडे, शांत. तपासनीस म्हणाले, बघा, अजून वाऱ्यावरच सोडलीय.

"वाऱ्यावरच सोडायची असते," आजोबा म्हणाले. "बांधली तर मोडते. आणि चालवणारं कुणी पळालेलं नाही. मघाशी तो पत्रा हवेत लटकला होता, तो कसा उतरवला ते तुम्ही पाहिलं नाहीत. आम्ही पाहिलं. सगळं काम संपवून, हूक वर घेऊन, ब्रेक सोडून मग ती उतरलीय. ती बाई माझी सून आहे."

तपासनीसांनी मफलर सैल केला. सूनबाई साइटवर असतात म्हणालात ना तुम्ही, ते म्हणाले.

"साइटवरच असते. फक्त सगळ्यांच्या वर."

संध्याकाळी सून घरात शिरली तेव्हा बटण तिच्या पायांना जाऊन बिलगला. आजोबा स्वयंपाकघरातून स्वतः चहा घेऊन आले आणि तिच्या हातात दिला. त्या पत्र्याबद्दल विचारायचं होतं. झुलला तिकडेच हूक का नेलास? ती म्हणाली, ओढलं असतं तर आणखी झुलला असता. आजोबा म्हणाले, तेच. तेच मी म्हणत होतो. खरं तर ते तसं कुणालाच म्हणाले नव्हते, पण वकिलानेही या वेळी पुरावा मागितला नाही.

उरलेली सुट्टी कशी गेली ते कळलं नाही. तपासनीसांनी बातमी प्रत्येक मजल्यावर पोचवली होती, तिकीट तपासल्यासारखी, कुणालाही न वगळता. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका आपल्या दोन मुलींना घेऊन खिडकी बघायला आल्या. तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन घरची क्रेन बघून गेला आणि बॉबिनला ब्रेक हवा असं सुचवून गेला. आजोबांनी एकेकाला खिडकीशी उभं करून समजावलं: हा मनोरा, हा हात, मागे ते ठोकळे, त्यांच्याशिवाय सगळं पालथं. ठोकळ्यांचं आमच्या बटणाने शोधून काढलं, हेही प्रत्येकाला ऐकावं लागे.

शाळा सुरू झाल्या त्या दिवशी घर एकदम रिकामं झालं. आजोबांनी साडेबारापर्यंत दम धरला आणि मग तपासनीसांना हाक मारून वर बोलावलं. दोघं खुर्च्या टाकून खिडकीशी बसले. फळ्यांची चवड वर येत होती. आजोबा सांगत होते की सुरुवात कशी बघा, जराही हिसका नाही. वळण बघा, कोटाच्या कॉलरसारखं. आता उतरताना बघा, खालच्या माणसाला पाऊल मागे घ्यावं लागणार नाही. फळ्या उतरल्या. माणसाने पाऊल मागे घेतलं.

मागे दार उघडलं. सून आत आली, बुटांच्या नाड्या सोडत. मुलांचा पहिला दिवस, म्हणून तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती, त्यांना शाळेतून स्वतः आणायला. बारा वाजताच दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे क्रेन सोपवून निघाली होती.

तपासनीसांनी तिच्याकडे पाहिलं, मग क्रेनकडे, मग आजोबांकडे. आजोबा अजिबात गडबडले नाहीत.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले, "आज हात जरा जड का पडतोय."

सून खिडकीशी येऊन उभी राहिली. तिने डोळे बारीक करून एक फेरा नीट पाहिला. चांगला आहे हो तो, ती म्हणाली, नवीन आहे, पण जपून चालवतो.

"असेल," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली. "आपल्यासारखा नाही."